न आलेल्या बायांची मोजणी



गटाची बैठक संपत आली की सचिव ताई वही पुढे सरकवते आणि आपण सह्या करतो. बारापैकी दहा हजर, दोन गैरहजर, बचत इतकी, वसुली इतकी. वही नीट असली की ग्रेडिंग चांगलं होतं, ग्रेडिंग चांगलं झालं की बँक कर्ज देते. या वहीत गैरहजर असलेल्या दोघींचीही नोंद होते. पण गावातल्या ज्या बाया गटातच नाहीत, त्यांचा रकाना तिच्यात नसतो. नवी लग्न होऊन आलेली, दिवस गेलेली, सासूला विचारल्याशिवाय उंबरा न ओलांडणारी, महिन्याला शंभर रुपये टाकायची ऐपत नसलेली. ती गैरहजरसुद्धा लागत नाही, कारण तिचं नावच तिथं नसतं.

आज मी जो इतिहास सांगणार आहे, त्यात हा नसलेला रकाना फार महत्त्वाचा ठरला. तान्ह्या बाळांचं जगणं-मरणं त्याच्याशी जोडलेलं निघालं. गोष्ट अमेरिकेतल्या एका स्वयंपाकघरापासून सुरू होते आणि बोलिव्हिया, नेपाळ, झारखंड, बांगलादेश अशी फिरत मुंबईच्या वस्त्यांपर्यंत येते. तुमच्यापैकी कुणाची मुलगी डी.एड. किंवा बी.एड. करत असेल तर तिला ‘कृतिसंशोधन’ हा शब्द विचारा. तिला तो पाठ असेल. वर्गात अडचण आली की शिक्षकानं स्वतः ती तपासायची, उपाय करून बघायचा, फरक पडला का ते मोजायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. शाळेच्या बाहेर, मोठमोठ्या परदेशी मदतीच्या कार्यक्रमांतही हीच रीत वापरली गेली. तिचा हा इतिहास आहे, आणि त्यात बायांचे गट अगदी मध्यभागी आहेत.

कुर्ट लेविन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. जर्मनीतले ज्यू. हिटलर सत्तेवर आला तेव्हा, १९३३ साली, देश सोडून ते अमेरिकेत आले. पुढे दुसरं महायुद्ध पेटलं. चांगलं मांस सैन्याकडे जाऊ लागलं आणि सरकारला वाटलं, घरोघरी लोकांनी हृदय, गुर्दा असले भाग खावेत. ते पौष्टिक असतात, पण तिकडच्या मध्यमवर्गीय घरांत ते हलकं खाणं समजलं जाई. बायांना पटवायचं कसं? लेविन यांनी आयोवा राज्यात बायांचे सहा छोटे गट घेतले. तीन गटांना उत्तम व्याख्यान दिलं: जीवनसत्त्वं, देशसेवा, पाककृती, सगळं. उरलेल्या तीन गटांत व्याख्यान नाही. बायांनाच विचारलं, तुमच्यासारख्या घरांत हे शिजवायला अडचण काय येते? वास येतो, नवरा नाक मुरडतो, कसं करायचं ठाऊक नाही, असं बोलणं निघालं. मग त्यांनीच आपसांत ठरवलं आणि शेवटी हात वर करून सांगितलं की आम्ही करून बघू. दोन्हीकडे वेळ सारखाच, पाऊण तास. नंतर घरी जाऊन चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायांनी पूर्वी कधी न केलेला एखादा प्रकार शिजवला होता. चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के बायांनी.

या प्रयोगात एक खोट होती आणि ती इथंच सांगते. ‘आम्ही पुन्हा येऊन विचारणार आहोत’ हे फक्त चर्चेच्या गटांना आधी सांगितलं होतं. त्यामुळे किती फरक चर्चेचा आणि किती पुन्हा विचारायला येण्याचा, हे वेगळं करता येत नाही. मला मात्र ही खोट फार बोलकी वाटते. कुणीतरी परत येऊन विचारणार आहे, हे कळल्यावर आपण सगळ्याच थोड्या वेगळ्या वागतो. १९४६ साली लेविन यांनी आपल्या या रीतीबद्दल लेख लिहिला आणि कृतिसंशोधन हा शब्द जगभर पसरला. पुढच्याच वर्षी ते वारले.

त्यानंतरची चाळीस वर्षं मी पटकन ओलांडते. या काळात गरीब देशांत परदेशी मदतीचे असंख्य कार्यक्रम आले. त्यांचे अहवाल कसे असत, ते तुम्ही न वाचताही सांगाल. प्रशिक्षणं इतकी घेतली, पत्रकं इतकी वाटली, इतक्या दायांना पेट्या दिल्या. व्याख्यानं किती दिली त्याची मोजणी नेहमी होई. बाळ वाचलं का, याची क्वचितच.

आता बोलिव्हियाला जाऊ. दक्षिण अमेरिकेतला देश, अँडीजच्या उंच डोंगररांगांचा. तिथं इन्किसिवी नावाचा दुर्गम प्रांत आहे. वस्त्या विखुरलेल्या, दवाखाना लांब, बाळंतपण घरातच. जन्मलेल्या दर हजारामागे शंभराहून जास्त बाळं पोटातच किंवा पहिल्या काही दिवसांत जात होती. १९९० साली सेव्ह द चिल्ड्रन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं अमेरिकन सरकारच्या पैशातून तिथं काम सुरू केलं. नाव ठेवलं ‘वार्मी’. तिथल्या आयमारा आणि केचुआ भाषांत वार्मी म्हणजे बाई.

इतरत्र असतं तसं इथंही आधी दायांना शिकवता आलं असतं, औषधं वाटता आली असती. त्यांनी ५० वस्त्यांत बायांचे गट धरले, काही होते, काही नव्यानं झाले. पहिलं पाऊल होतं स्वतःची तपासणी: आपल्याकडे बाळंतपणात काय काय होतं, कोण दगावलं, कशानं दगावलं. गटातल्या बाया गटाबाहेरच्या बायांकडे जाऊन विचारून यायच्या. मग सगळ्यांत जड प्रश्न कुठले ते ठरवायचं. मग गावातले पुरुष, पुढारी, आरोग्य कर्मचारी यांना बोलावून एकत्र आराखडा करायचा. मग काम. आणि शेवटी पुन्हा बसून बघायचं की काय झालं, काय राहिलं. या बोलण्यातून एक गोष्ट अशी वर आली जी कार्यक्रम आखणाऱ्यांना वाटली होती त्याहून मोठी निघाली. फार मुलं होतात, हाच आमचा त्रास आहे, असं बायांनी सांगितलं. तेव्हा कुटुंबनियोजनाची सोय कामात आणावी लागली.

१९९३ पर्यंतचे आकडे आले. जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११७ वरून सुमारे ४४ वर आलं होतं. निम्म्याहून जास्त घट. डॉक्टर मंडळी मात्र लगेच मानायला तयार नव्हती आणि त्यांचं चूक नव्हतं. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा एवढंच होतं. त्या तीन वर्षांत रस्ता झाला असेल, पीक चांगलं आलं असेल. बाजूच्या, गट नसलेल्या वस्त्यांत काय झालं हे कुणी पाहिलंच नव्हतं.

ते पाहायचं काम नेपाळात झालं. काठमांडूच्या दक्षिणेला मकवानपूर जिल्हा आहे. डोंगर, पायवाटा, दहातली नऊ-साडेनऊ बाळंतपणं घरी. डॉ. धर्म मानंधर यांची ‘मीरा’ ही संस्था आणि लंडनचे डॉ. अँथनी कॉस्टेलो, डॉ. डेव्हिड ऑस्रिन यांनी मिळून ठरवलं की वार्मीची रीत इथं करून बघायची, पण मोजणी पक्की करायची. २४ गावसमित्यांचा भाग घेतला. सारख्यासारख्या दोन-दोनच्या १२ जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत चिठ्ठी टाकून ठरवलं की गट कुठं होणार. म्हणजे १२ ठिकाणी गट, १२ ठिकाणी नाही. नोव्हेंबर २००१ पासून दोन वर्षं मोजणी चालली. नेपाळात तेव्हा माओवादी संघर्ष पेटलेला होता, त्याच महिन्यात आणीबाणी लागली होती. अशा दिवसांत बाया पायवाटा तुडवत घरोघर नोंदी घेत होत्या.

गट चालवायला प्रत्येक भागात एक स्थानिक बाई नेमली. नर्स नाही, दाई नाही. लिहितावाचता येणारी, लोकांत मिसळणारी. ती महिन्याला नऊ गटांच्या बैठका घ्यायची. चित्रांची कार्डं, खेळ, गप्पा, दहा बैठकांचा एक फेरा. उत्तरं तिच्याकडे नव्हती आणि तेच बरं होतं. गटांनी जे काढलं ते ऐका. कुठं निधी उभा केला, अडल्या वेळी बाळंतिणीच्या घरी द्यायला. कुठं डोली केली, खाली दवाखान्यात उतरवायला. कुठं स्वच्छ ब्लेड, दोरा, साबण असलेली बाळंतपणाची पिशवी तयार करून विकली. कुठं ठरलं की दिवस गेलेल्या प्रत्येक बाईच्या घरी गटातल्या कुणीतरी जायचं. एकच उपाय सगळीकडे नव्हता.

२००४ साली निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. गट होते तिथं पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं हजारी २६, गट नव्हते तिथं हजारी ३७. सगळे हिशेब करून, मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी. गटांच्या भागात बाळंतपणात २ माता गेल्या, दुसऱ्या भागात ११. आकडे लहान आहेत आणि अभ्यास काही मातामृत्यूंसाठी आखला नव्हता, म्हणून त्यावर फार भार टाकू नये असं ते स्वतःच म्हणतात. तरी २ आणि ११. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढं वाचलं नाही.

आता तुमच्यातली कुणीतरी म्हणेल, ‘मग त्या बाकीच्या बारा ठिकाणच्या बायांचं काय? त्यांना मुद्दाम वगळलं?’ खरा प्रश्न आहे आणि संशोधकांनाही तो चुकत नाही. आरोग्य केंद्रांची दुरुस्ती, सामान, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हे दोन्हीकडे सारखं केलं होतं. गटांचा उपयोग होतो की नाही हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, हेही खरं. पण मला विचाराल तर या उत्तरानं मन पुरतं भरत नाही. झारखंडमध्ये याचं पुढं काय केलं, ते सांगतेच.

मध्ये एक शब्द आपल्या गडचिरोलीबद्दल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं काम तुम्हाला माहीत आहे. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवून तिच्याकडून घरी जाऊन तान्ह्या बाळाची काळजी घेतली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी निघाले. हेही १९९९ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तिथं आरोग्यदूत बाई बाळाला तपासत होती, उपचार करत होती. मकवानपूरच्या बाईच्या पिशवीत औषध नव्हतं. दोन वेगळ्या वाटा आहेत आणि एकीनं दुसरी खोटी ठरत नाही. दोन्हींत समान असलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू कुणीतरी नावानिशी लिहीत होतं.

झारखंडात चक्रधरपूरला डॉ. प्रशांत त्रिपाठी आणि डॉ. निर्मला नायर यांनी २००२ साली ‘एकजुट’ संस्था सुरू केली. आजूबाजूला हो, संताळ, मुंडा अशा आदिवासी वस्त्या. त्यांनी झारखंडचे पश्चिम सिंहभूम आणि सराईकेला-खरसावां आणि ओडिशाचा केओंझर असे तीन जिल्हे घेऊन २००५ पासून तीन वर्षं काम केलं. ३६ भाग, अर्ध्यांत गट, अर्ध्यांत नाही, पुन्हा चिठ्ठ्या टाकूनच. एकूण २४४ गट. त्यातले १७२ आधीपासूनचे होते, तुमच्या-आमच्यासारखे बचतीचे. ७२ नवे केले.

बैठकीत काय चालायचं? गोष्टी, चित्रं, सोंगं. अडचणींच्या चित्रांपुढे खडे किंवा बिया ठेवून मत द्यायचं, म्हणजे न लिहिता येणारीलाही मत देता येतं. आणि ‘पण का?’ नावाचा एक खेळ. समजा गोष्टीतलं बाळ गेलं. का? अंग तापलं, नाळ पिकली. पण का? नाळ घरातल्याच विळ्यानं कापली. पण का? नवं ब्लेड नव्हतं. पण का? बाळंतपणाआधी सामान आणून ठेवायचं नाही, अपशकुन होतो. अशा रीतीनं बाया स्वतःच ब्लेडपासून रिवाजापर्यंत पोचायच्या. ‘ब्लेड उकळा’ असं भिंतीवर लिहून हे होत नाही.

मोजणीची पद्धत बघा, मला ती फार आवडली. साधारण २५० घरांमागे गावातलीच एक माहीतगार व्यक्ती ठरवली होती. जन्म झाला, मृत्यू झाला की ती कळवायची. मग वेगळी मुलाखत घेणारी माणसं बाळंतिणीच्या घरी जाऊन सगळं विचारायची. म्हणजे बैठक घेणारी बाई एक आणि मोजणारी माणसं दुसरी. आपण केलेला स्वयंपाक आपणच चाखून ‘झकास’ म्हणायचं नाही.

पहिल्या वर्षी नव्यानं दिवस गेलेल्या बायांपैकी १८ टक्के बैठकीला आल्या. तिसऱ्या वर्षी ५५ टक्के. बचत गट म्हटला की त्यात कोण असतं? तिशी ओलांडलेल्या, घरात थोडा शब्द चालणाऱ्या बाया. पोटुशी सून त्यात नसते. एकजुटच्या बैठका मात्र सगळ्यांना उघड्या होत्या. सभासद असो-नसो, बचत भरो-न भरो, सासू येवो, सून येवो, पुरुष येवोत. तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले, शेवटच्या दोन वर्षांचं पाहिलं तर ४५ टक्क्यांनी. पुढं पुन्हा तपासलं तेव्हा आढळलं की सर्वांत गरीब, सर्वांत मागे पडलेल्या घरांत ही घट जास्त होती, ५९ टक्के. एरवी सरकारी योजना असो की परदेशी, तिचा फायदा आधी रस्त्याकडेच्या घरांना होतो आणि पाड्याच्या शेवटच्या घराला सगळ्यांत शेवटी. इथं उलटं झालं. आणखी एक गोष्ट कुणाच्या मनात नसताना दिसली. तिसऱ्या वर्षी गटांच्या भागात बाळंतिणींमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी होतं. बसून बोलायला जागा मिळाली की काय होतं, त्याचा हा आकडा.

आणि ज्या भागात गट नव्हते तिथं? अभ्यास संपल्यावर तिथंही गट सुरू केले आणि तिथलेही मृत्यू उतरले. मघाशी राहिलेलं उत्तर ते हे.

आता बांगलादेश. इथंच ती न लिहिलेली नोंद समोर येते.

एकजुटचा निकाल २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला तेव्हा त्याच अंकात, त्याला लागूनच पुढच्या पानावर, बांगलादेशातल्या अशाच अभ्यासाचा निकाल छापला होता. बोगरा, फरीदपूर आणि मौलवीबाजार असे तीन जिल्हे. डॉ. किश्वर आझाद आणि त्यांचे सहकारी. तीच रीत, तशीच चित्रं, तशाच बैठका, लंडनची तीच मंडळी सल्ल्याला. आणि निकाल काय? नवजात मृत्यूंमध्ये फरक म्हणावा असा काही नाही.

मैत्रिणींनो, अशा वेळी एरवी काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. अहवाल गोड लिहिला जातो. ‘महिलांमध्ये जागृती झाली’ असं एक वाक्य येतं आणि कार्यक्रम पुढच्या जिल्ह्यात निघतो. नाहीतर पैसे देणारे म्हणतात, ही रीतच फोल आहे, बंद करा. बांगलादेशात दोन्ही झालं नाही. जो आकडा आला तो जसाच्या तसा छापला. मग वह्या काढल्या आणि विचारलं, बैठकीला आलं कोण?

बैठका तर झाल्या होत्या, वेळेवर. पण एकूण लोकसंख्येला गटांच्या संख्येनं भागलं तेव्हा दिसलं की एका गटामागे १४१४ माणसं आहेत. एकजुटकडे एका गटामागे ४६८ होती, मकवानपूरला ७५६. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एका गटाच्या पंचवीस-तीस बाया म्हणजे खिचडीत मिठाचा एक खडा. त्यातही दिवस गेलेल्या बाया फारच थोड्या येत होत्या. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्याच बैठकीत नव्हत्या, आणि हे हजेरीच्या वहीत दिसत नव्हतं, कारण हजेरीत आलेल्यांचीच नावं होती. दिसलं ते गावातल्या सगळ्या गरोदर बायांची वेगळी नोंद हाताशी होती म्हणून. दोन वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा खड्डा दिसला.

मग त्यांनी रीत बदलली नाही, गट वाढवले. १६२ होते, त्यांत ६४८ नवे घातले, एकूण ८१०. आता एका गटामागे ३०९ माणसं. नव्यानं दिवस गेलेल्या बायांना शोधून बोलवायचं, हे काम ठरवून घेतलं. पुन्हा मोजणी केली, २००९ ते २०११. या वेळी नव्या गरोदर बायांपैकी ३६ टक्के येत होत्या. नवजात मृत्यू गटांच्या भागात हजारी २१, दुसरीकडे हजारी ३०. हिशेबानं ३८ टक्क्यांची घट. तेच जिल्हे, तीच रीत, आधी शून्य आणि नंतर ३८.

२०१३ साली चार देशांतले असे सात अभ्यास एकत्र करून पाहिले. एक लाख १९ हजारांहून जास्त जन्मांचा हिशेब. जिथं गरोदर बायांपैकी निदान ३० टक्के बैठकीला येतात तिथं नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात, असं निघालं. त्याच्या खाली असेल तर फरक जेमतेम. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं या रीतीची शिफारस केली. शेकड्याला तीस. किती लहान आकडा आहे बघा. सगळ्या नाही आल्या तरी चालतं. पण तीस हे तीसच हवेत, आणि ते मोजायला शंभर कोण आहेत हे आधी ठाऊक हवं.

गोष्ट इथं संपली असती तर सोयीचं झालं असतं, पण मुंबई मधे येते. शीव रुग्णालयात नवजात बाळांसाठी वर्षानुवर्षं काम केलेल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली ‘स्नेहा’ संस्था उभी केली. २००६ ते २००९ या काळात स्नेहानं मुंबईच्या ४८ वस्त्यांत हीच रीत करून पाहिली, २४ वस्त्यांत गट, २४ मध्ये नाही. त्या वस्त्यांत आपल्याकडून गेलेल्या कितीतरी बाया आहेत, मराठवाड्यातल्या, कोकणातल्या. अभ्यासाचा निकाल २०१२ साली आला: बाळांच्या जगण्यात सुधारणा दिसली नाही. कारणं शोधताना एक गोष्ट लक्षात आली. तिथं बहुतेक बाळंतपणं आधीपासूनच दवाखान्यात होत होती. नाळ कशानं कापायची, बाळाला लगेच अंघोळ घालायची का, हे घरातल्या बायांच्या हातात उरलेलं नव्हतं. दवाखान्यात काय होतं त्यावर वस्तीतल्या गटाचा हात पोचत नाही. शिवाय एका चाळीत दहा गावांचे लोक, कामाच्या वेळा वेगळ्या, आज आलेली शेजारीण उद्या खोली बदलून गेलेली. स्नेहानंही निकाल लपवला नाही. पुढं त्यांनी वस्तीत केंद्रं उघडून, घरभेटी घेऊन काम करायची वेगळी रीत धरली आणि तिचीही मोजणी केली. मला मुंबईचा हा निकाल मकवानपूरइतकाच मोलाचा वाटतो. आता आपल्याकडेही बाळंतपणं दवाखान्यातच होतात. तेव्हा झारखंडची डोली आणि ब्लेड इथं जसंच्या तसं आणून काय मिळणार? आपल्या ‘पण का?’ची उत्तरं वेगळी येतील. कदाचित रक्ताल्पता येईल, कदाचित सोळाव्या वर्षीचं लग्न, कदाचित ऊसतोडीच्या फडावरून दवाखान्यात न पोचलेली बाई.

झारखंडमध्ये पुढं हे काम आशा ताईंकडे आलं. आधी एकजुटनं झारखंड आणि ओडिशाच्या पाच जिल्ह्यांत आशांकडून बैठका घेऊन पाहिल्या. २०१६ साली त्याचा निकाल आला, ३१ टक्के घट. मग राज्य सरकारनं आरोग्य अभियानातून ही रीत बहुतेक जिल्ह्यांत नेली. २०१७ ते २०१९ मध्ये सहा जिल्ह्यांत तपासलं तर २४ टक्के घट दिसली. इतक्या मोठ्या पसाऱ्यात, सरकारी यंत्रणेतून, २४ टक्के हे थोडं नाही. आणखी काही राज्यांतही आरोग्य अभियानानं या बैठका धरल्या.

पण एक गाठ सुटलेली नाही. आधीच्या अभ्यासांत बैठक घेणारी वेगळी आणि मोजणारी वेगळी होती, आणि मोजणीला वेगळा पैसा होता. सरकारी कामात आशा ताईलाच बैठक घ्यायची, तिलाच नोंदवायची, आणि मानधन मिळतं ते बैठक झाली यावर. ती प्रामाणिक नाही असं मी म्हणत नाही. तिच्याकडे आधीच किती वह्या असतात ते आपण पाहतो. पण बांगलादेशातला खड्डा ज्यामुळे दिसला ती दुसरी वही, गावातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या नावाची आणि ‘ती आली होती का’ या रकान्याची, कोण ठेवणार? नावं तशी आशा ताईच्या आणि अंगणवाडीच्या रजिस्टरात आहेतच. बचत गटाची वही सचिव ताईच्या पिशवीत. तिन्ही वह्या एकाच गावात, कधी कधी एकाच घरात असतात.